तट्टीपलीकडची हाक

पाठीत सुई टोचल्यानं माणूस मरत नाही आणि लुळाही पडत नाही. हे अगोदरच सांगून टाकते. धानोऱ्याच्या बाजारात एका बाईनं मला अडवलं, हात पाठीमागं नेऊन सुई टोचल्यासारखं केलं आणि डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडं बघत राहिली. तिच्या नवऱ्याला चांद्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि गावात कोणीतरी तिचे कान भरले होते. तिला बाजारात उभ्या उभ्या काय काय सांगणार? म्हणून हे लिहायला बसले. माझे वडील मास्तर होते, त्यामुळं सातवीपर्यंत शिकले आणि पुस्तकी भाषा लिहिता येते. पण राग आला की घरचीच बोली तोंडात येते, आणि राग मला फार येतो. तेवढं चालवून घ्या.

*

आमचं घर जंगलाला लागून. वच्छीचे बाबू, म्हणजे माझे मालक, जंगल खात्यात नाकेदार. घरात आम्ही दोघं, माझी सासू आणि आमची वच्छी. सासूला मी आत्याबाई म्हणते.

वच्छी तेव्हा भिंतीला धरून चालत होती आणि नुकती बोलायला लागली होती. बापाला बा म्हणायची, कावळ्याला काव म्हणायची, बैलाला हट म्हणायची. माय तेवढं म्हणत नव्हती. मी तिला पुढ्यात घेऊन बसायची आणि ओठ मिटून उघडून दाखवायची. "म्हन नं वं, माय. मा-य. कावळा तुह्या जवळचा, अन् मी कोनीच नाई काय?" ती माझ्या ओठांना बोटं लावायची आणि खदखदून हसायची. आत्याबाई म्हणायच्या, "म्हनंल. तू काऊन एवढी घाई करून राह्यली?"

घाई होतीच मला. आता वाटतं, अंगाला आधीच कळलं होतं की काय!

त्याच उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या दिवसांत डोकं दुखायला लागलं. पहिल्यांदा वाटलं, ऊन लागलं. कांदा फोडून लावला, कैरीचं पन्हं प्यायले. मग ताप, मग उलट्या. शेजारच्या गोंडाच्या म्हातारीनं पाला वाटून कपाळावर बांधला, त्यानं दोन घटका थंड वाटायचं आणि पुन्हा तेच. एका दुपारी वच्छी माझ्याकडं येताना मला दोन वच्छ्या दिसल्या. मी हात पुढं केला तो भलतीकडंच गेला आणि पोर धपकन खाली पडली. ती रडली तशी मीही रडले. तेव्हा वच्छीचे बाबू म्हणाले, "बस झालं. रेंगी जुंपतो."

रेंगी म्हणजे आमच्याकडची बसायची बैलगाडी. गडचिरोलीच्या पुढं वैनगंगेला पाणी कमी होतं म्हणून ती तशीच पात्रातून पार उतरली. दगडावरून चाक गेलं की डोक्यात घण पडत होता. पुढं मूलपर्यंत मोटर आणि मूलहून चांद्यापर्यंत छोटी आगगाडी. सगळ्या वाटेत वच्छी आत्याबाईंच्या मांडीवर होती. मला तिला घेऊ देत नव्हते. मी डोळे मिटून नुसता तिचा आवाज ऐकत होते. खिडकीतून दिसेल त्याला ती काव म्हणत होती, झाडालाही काव आणि टेशनमास्तरलाही काव.

*

डॉक्टरसाहेब नागपूरकडचे, वयानं तरुण, बोलणं हळू. त्यांनी माझी मान पुढं वाकवायला घेतली आणि मी अशी ओरडले की वऱ्हांड्यातली माणसं आत डोकावली. मान वाकतच नव्हती. मग मला कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि पाठीच्या मणक्यांत सुई घालून पाणी काढलं. दुखतं, खोटं कशाला सांगू. पण बाळंतपण झालेल्या बाईनं त्याचं कौतुक सांगू नये.

ते पाणी त्यांनी काचेच्या नळीत घालून टेबलावर ठेवलं. दिसायला विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ. मला बरं वाटलं. पण काही वेळानं त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी तरंगायला लागलं, आणि नळी उजेडात धरून डॉक्टरसाहेब बराच वेळ बघत राहिले. मग वच्छीच्या बाबूंना घेऊन बाहेर गेले.

हे परत आले ते हातातली टोपी पिळत.

"काय म्हन्ते डाक्टर?"

"काई नाई."

"काई नाई त टोपी काऊन पिळून राह्यले? धुवाले टाकायची हाय काय?"

ते खाटेवर बसले आणि टोपी डोळ्यांना लावली. मेंदूच्या पडद्याचा टीबी, असं नाव मग मला कळलं. काही वर्षांमागं या रोगाला औषधच नव्हतं. आता होतं, पण रोज सुई घ्यायची, कित्येक महिने, आणि तरी खात्री नाही. मला मरायची भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. वच्छी माझं नाव घेण्याआधीच मी गेले तर माझं नाव घ्यायचं तिला कधी सुचणारच नाही. मी डॉक्टरसाहेबांना म्हटलं, "माह्या लेकीनं मले माय म्हनेपर्यंत जगवा. मंग पाहू." ते हसले नाहीत. "बघू," म्हणाले.

*

टीबीचा वॉर्ड इतर दवाखान्यापासून वेगळा, लांबच लांब कौलारू पडवी होती. एका बाजूला पूर्ण भिंत नव्हतीच. तिथं बांबूच्या कामट्यांची तट्टी उभी केलेली, रोग्यांना वारा लागावा म्हणून. लेकरांना वॉर्डात यायची बंदी होती. माझा रोग डोक्यातला, श्वासातून पसरणारा नव्हे, पण बाकीच्या बाया खोकणाऱ्या होत्या.

माझ्या बाजूच्या खाटेवर जिवतीकडची मैनाबाई होती. छातीचा टीबी. बोलायची अर्धं गोंडी, अर्धं मराठी, आणि वॉर्डातल्या पालीपासून मेट्रनपर्यंत तिला सगळ्यांची खबर असायची. तिचा भाऊ भाजलेली मोहफुलं आणून द्यायचा. औषधानं तोंड कडू झालं की ती माझ्या हातावर चार फुलं ठेवायची. "खाय बाई. सिस्टर पाह्यते त पाहू दे."

सकाळी ऊठ, गरम पाण्यानं तोंड धू, पेज पी, मग सुई. दंडात एक आणि पाठीत एक. पाठीतल्या सुईनंतर डोकं खाली ठेवून सपाट पडून राहायचं. दुपार कशी जायची ते त्या कौलांनाच माहीत. सगळा दिवस मी संध्याकाळची वाट बघायची.

रोग्यांच्या माणसांसाठी आवारात एक छपरी होती. आत्याबाई वच्छीला घेऊन तिथंच राहायच्या आणि स्वयंपाक करायच्या. हे सुट्टी मिळाली की यायचे. उन्हं उतरली की आत्याबाई वच्छीला कडेवर घेऊन तट्टीपलीकडं उभ्या राहायच्या. कामट्यांच्या फटीतून मला पोर दिसायची ती तुकड्या तुकड्यांनी. एका फटीत डोळा, दुसऱ्या फटीत लाल झबलं, तिसऱ्या फटीत मूठ. मी मनातल्या मनात ते तुकडे जोडून पूर्ण वच्छी करायची.

पावसाळा लागता लागता एका संध्याकाळी ती तट्टीपलीकडं आली आणि मी ऐकलं, "माय."

स्पष्ट. कोवळा, थोडा चिरका आवाज, आणि शेवटी जरा लांबवलेला. मी उठून बसायला गेले, घेरी आली, तरी बसले. "ओ! ओ वं बाई!"

पण पोर माझ्याकडं बघतच नव्हती. तिनं आत्याबाईंचा पदर ओढला आणि पुन्हा म्हटलं, "माय, काव."

आमच्याकडं पोरं पुष्कळदा आजीलाच माय म्हणतात. बाप आपल्या आईला माय म्हणतो, ते ऐकून. त्यात आत्याबाईंचा काय दोष? त्या बिचाऱ्या तट्टीपलीकडून कासावीस होऊन म्हणाल्या, "थे बाबूचं आयकून म्हन्ते वं. मी नाई शिकवलं, तुही आन." मला ते कळत होतं. तरी मी तोंड फिरवलं आणि त्यांनी पाठवलेला भात खाल्ला नाही. मैनाबाईनं तो खाल्ला आणि म्हणाली, "चांगला होता. रागानं पोट भरत असन तुह्य, माह्य नाई भरत."

*

दुसऱ्या दिवशी तो राग मी डॉक्टरसाहेबांवर काढला. म्हटलं, "दंडात सुई देता, तेच औषध पाठीत काऊन? दंडातलं रक्त डोक्यात जात नाई काय?"

ते खाटेजवळ स्टूल ओढून बसले. "तुमच्या घराच्या भिंती कशाच्या?"

"कुडाच्या. कामट्यांच्या."

"नुसत्या कामट्या ठेवल्या तर?"

"वारा येते, मुंग्या येते, साप येते. लिंपा लागते."

"मग असं समजा. अंगात सगळीकडं केसाहून बारीक रक्तवाहिन्या आहेत. त्यांच्या भिंती बारीक बारीक पेशींच्या. इतर अंगात त्या पेशींमध्ये फटी असतात. रक्तातलं औषध त्यातून झिरपतं. डोक्यात मात्र त्या एकमेकींना इतक्या घट्ट बिलगून असतात की फट म्हणून नाही. लिंपल्यासारखं. औषध दारातून परत जातं."

"तुमी पाह्यलं काय जाऊन?"

आता मात्र ते हसले. सांगितलं की फार पूर्वी परदेशात कोणीतरी जनावराच्या रक्तात निळा रंग सोडला. सगळं अंग आतून निळं झालं, काळीज निळं, मूत्रपिंड निळं, मेंदू मात्र पांढराच. मग तोच रंग मेंदूच्या बाजूनं पाण्यात सोडला, तर मेंदू निळा झाला. "म्हणून पाठीतून. पाठीतलं पाणी आणि डोक्यातलं पाणी एकच. भिंतीच्या आतून वाट आहे ती."

"अन् त्या पेशी एकमेकींले कशा धरून राह्यते?"

"ते अजून कोणाला नीट दिसलेलं नाही, बाई. शोधतायत. एवढं दिसतं की रोगानं ती भिंत सैल पडते, तेव्हा थोडं औषध रक्तातूनही आत जातं. आणि तुम्ही बऱ्या व्हायला लागलात की भिंत पुन्हा घट्ट होते आणि औषधाची वाट बंद."

म्हणजे बरं व्हायला लागलं की औषध पोचणं अवघड! मला देवाचा सुद्धा राग आला. पण रागवता रागवता विचार केला, ती भिंत आहे म्हणून तर इतकी वर्षं नाही नाही ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. ती राखण करते, तिला आपला कोण, परका कोण ते ओळखता येत नाही एवढंच. त्या दिवसापासून पाठीतल्या सुईला मी कमी ओरडायला लागले.

*

मग कान. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण रोग्याच्या घरच्यांना माहीत असलेलं बरं.

आधी कानात रातकिडे बोलायला लागले, भर दिवसा. मग सिस्टर काय म्हणते ते अर्धंच ऐकू यायचं. उभी राहिले की जमीन कलायची. डॉक्टरसाहेबांनी घड्याळ माझ्या कानाशी धरलं. मला वाटलं बंद पडलंय. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की चालू होतं.

त्यांनी माझ्या कानाजवळ तोंड आणून सगळं सांगितलं. औषध जीव वाचवतंय आणि कान खातंय. थांबवलं तर रोग उलटेल. नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांना डोक्यातली ती भिंत अडवत नाही, त्या मागवल्या आहेत, पण त्या येईपर्यंत सुई सोडता येत नाही. मी म्हटलं, "मेंदूत शिरत नाई म्हन्ता अन् कानात बरं शिरते!" त्यांनी घड्याळ खिशात घातलं. मग म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडं नाही." खोटं बोलून समजूत घातली नाही, म्हणून त्या माणसाचा मला आजही आदर आहे.

मला ठरवायला सांगितलं. ठरवायचं काय होतं? मी मेल्यावर कानांनी तरी काय ऐकलं असतं! मी कुशीवर वळले आणि गुडघे पोटाशी घेतले. पण त्या दिवसांत मी एकच मागणं मागत होते. जायचे तर कान जावोत, पण त्याआधी एकदा, एकदाच, तिनं मला हाक मारू दे.

रोज संध्याकाळी मी तट्टीकडं कान करून पडायची. रातकिडे वाढत गेले. एक दिवस ते रातकिडेही थांबले. आवाज म्हणून काही राहिलं नाही. तट्टीपलीकडं वच्छीचे ओठ हलत होते, आत्याबाईंचे हलत होते, आणि मला दोघींचं काहीही ऐकू येत नव्हतं. मी पांघरूण तोंडावर घेऊन खूप रडले. माझं मला ऐकू येत नव्हतं, म्हणून किती मोठ्यानं रडले ते माहीत नाही. मैनाबाई येऊन माझे पाय दाबत बसली होती.

काही दिवसांनी गोळ्या आल्या. पाठीतली सुई थांबली, ताप उतरला, मान वाकायला लागली. कान आले नाहीत.

*

दिवाळी जवळ आली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीआधी घराचा प्रत्येक कूड लिंपून निघतो. न लिंपलेला कूड म्हणजे ज्या घरात कोणी करणारं उरलं नाही ते घर. आत्याबाईंना बसून खायची सवय नाही. इतके महिने ती उघडी तट्टी त्यांच्या डोळ्यांत सलत होती. सून आत, सणाचे दिवस, आणि तिच्यासमोर उघड्या कामट्या! त्यांनी कुठून माती आणली, कुठून शेण आणलं ते विचारू नका. दुपारी मी झोपले असताना त्यांनी माझ्या खाटेसमोरची सगळी तट्टी बाहेरून लिंपून काढली. वर पांढऱ्या मातीचा पट्टासुद्धा ओढला.

मी जागी झाले तर समोर अंधार. फटी नाहीत. जिथून मला माझी पोर दिसायची तिथं ओली माती.

मला वाटलं डोळेही गेले. मग शेणाचा वास आला आणि कळलं. मी जी ओरडले ती सगळा वॉर्ड उठला. "काहाले बुजवलं? काहाले बुजवलं वं आत्याबाई? कान गेले माहे, आता पोरगी दिसू बी नाई देत काय?" सिस्टर धावत आली, मेट्रन आली, सगळ्यांची तोंडं हलत होती. आत्याबाई पडवीच्या टोकाशी येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. सासू म्हणून इतकी वर्षं पाहिलेली बाई, पहिल्यांदाच मला म्हातारी दिसली.

तेवढ्यात मैनाबाईनं पायानं माझी खाट हलवली आणि बोट दाखवलं.

खालच्या बाजूला, ओल्या मातीतून, एक बोट आत आलं होतं. इवलंसं, मातीनं माखलेलं. ते हललं, गोल फिरलं, परत गेलं. तिथं भोक पडलं आणि भोकातून उजेड आला. मग डोळा आला.

मी खाटेवरून उतरले. चालता येत नव्हतं, बसून सरकत गेले. सिस्टरनं धरायला हात केला, मैनाबाईनं तिला अडवलं. मी भोकाशी तोंड नेलं. पलीकडं आत्याबाई धावत जाऊन वच्छीजवळ बसल्या होत्या. त्यांनी मातीचं बोट माझ्याकडं केलं आणि काहीतरी म्हटलं. मग ते बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि मान जोरानं हलवली, नाही, नाही. पुन्हा माझ्याकडं बोट. काय म्हणत होत्या ते ऐकायला कानांची गरज नव्हती. थे माय. मी नाई. थे.

त्या दिवशी वच्छीनं नुसतं बघितलं. डॉक्टरसाहेबांनी वाऱ्यासाठी माती काढायला लावली आणि आत्याबाईंनी निमूट खरवडली. पण भोकाजवळ हात गेला की वच्छी आकांत करायची, म्हणून तेवढं तळहाताएवढं लिंपण राहिलं. रोज संध्याकाळी आत्याबाई तिला तिथं बसवायच्या आणि रोज तेच. माझ्याकडं बोट, स्वतःकडं नाही. पुढं मैनाबाईनं खुणेनं सांगितलं की वच्छी माय म्हणाली तर आत्याबाई आता ओ देत नाहीत. पोर रडते, पण देत नाहीत.

ते नाव त्यांना किती गोड लागलं असेल! इतक्या वर्षांत पोटच्या पोराशिवाय कोणी त्यांना तसं म्हटलं नव्हतं. ते त्यांनी उचलून माझ्या ओटीत घातलं.

आणि मग एका संध्याकाळी त्या भोकात वच्छीचं तोंड आलं. तिनं सरळ माझ्याकडं पाहिलं. ओठ मिटले, आणि उघडले. मी घरी शिकवलं होतं अगदी तसेच. माझ्या बोटाला तिचा गरम श्वास लागला. मी मैनाबाईकडं वळून पाहिलं. ती रडत होती आणि मान डोलवत होती. हो. तुलेच.

*

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. अंधारात चालताना तोल जातो, बाकी धडधाकट आहे. धान निंदते, भांडते, हे पाटीवर लिहून उत्तरं देतात आणि मी त्यांच्या अक्षराला नावं ठेवते. त्या बाईला आणि तिच्यासारख्यांना माझं सांगणं एवढंच, की न्या. उशीर करू नका. जीव राहिला की बाकीचं काही ना काही करून भागवता येतं.

पण रोज वाटतं. वच्छीचा आवाज आता कसा झाला असेल? आईसारखा की आजीसारखा? कोणी आलं की मी विचारते, लोक हातानं सांगतात, चांगला आहे. चांगला म्हणजे कसा, ते हातानं सांगता येत नाही. तिची ती हाक मी एकाच संध्याकाळी ऐकली, आणि ती माझ्यासाठी नव्हती.

मागून हाक मारून उपयोग नाही हे वच्छीला कळलंय. ती अंगणातून धावत येते, माझ्या पुढ्यात येऊन उभी राहते, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडं वळवते. ओठ मिटते, उघडते. मी त्या ओठांवर तट्टीपलीकडचा तो कोवळा, चिरका, शेवटी लांबवलेला आवाज ठेवते, आणि ओ देते.